खारघरचा गोल्फ कोर्स: आपल्यासारख्यांनी जावं का?

पेणकर_बाप्पा
मंडळी एक बावळट प्रश्न आहे, हसू नका. आमचा गणपतीचा कारखाना, त्यामुळे विसर्जन झालं की पुढे महिनाभर हात रिकामे. मेव्हणा दुबईहून कायमचा आला आणि त्याचा जुना गोल्फचा सेट आमच्या माळ्यावर टाकून गेला, आठ काठ्या आणि चेन तुटलेली बॅग (काठ्या नाही, क्लब म्हणायचं, हे आता कळलंय). घरामागे मारून बघतो, दहातला एक सरळ जातो आणि नऊ भातात. बायको म्हणते यंदा कापणीला दाण्याऐवजी बॉल निघणार. तर खारघरला सिडकोचा जो कोर्स आहे तो पब्लिक आहे, मेंबरशिप लागत नाही ना? तिथे लोक मोठ्या गाड्यांतून उतरणार आणि मी एसटीने बॅग खांद्यावर टाकून, जरा विचित्र वाटतंय. आणि खर्च नक्की कशाकशाचा होतो?

सकाळचा_टी
बिनधास्त जा. पब्लिक म्हणजे पब्लिक, पैसे भरायचे आणि खेळायचं. पनवेलपर्यंत एसटी, तिथून हार्बर लोकल, खांदेश्वर मानसरोवर खारघर, तिसरं स्टेशन, पुढे रिक्षा.

खर्च म्हणशील तर मुख्य ग्रीन फी, म्हणजे कोर्सवर खेळायचे पैसे, ती वीकडेला कमी असते म्हणून मंगळवार-बुधवार धर, तुला काय कारखाना बंदच आहे. मग कॅडी, म्हणजे बॅग उचलून बरोबर चालणारा, इथे कंजुषी करू नकोस, पहिल्या दिवशी चांगला कॅडी म्हणजे अर्धा कोच, बॉल कुठे गेला ते तुझ्याआधी त्याला दिसतं. बाकी खरा खड्डा हरवलेल्या बॉलचा. नवे महागडे अजिबात घेऊ नकोस, वापरलेले मिळतात ते घे. आठ क्लब भरपूर झाले, नियमाने जास्तीत जास्त १४ चालतात पण नवशिक्याला सात नंबरचं आयर्न (मधल्या अंतराला), एक वेज (जवळून उंच उडवायला) आणि पटर (होलजवळ ढकलायला) यातच दिवस निघतो.

फोन करून बुकिंग कर आणि तेव्हाच विचार की नवख्याला सोडतात का, हँडिकॅप सर्टिफिकेट, म्हणजे खेळाची पातळी सांगणारा दाखला, लागतं का. कॉलरवाला टीशर्ट घाल, जीन्स आणि गोल गळ्याचा नको. त्याआधी कुठल्या तरी ड्रायव्हिंग रेंजवर, म्हणजे नुसत्या सरावाच्या मैदानावर, दोन बादल्या बॉल मारून घे, कारण दहात नऊ भातात हा स्कोअर घेऊन थेट गेलास तर मागचे लोक मनातल्या मनात शिव्या घालतील. आणि पहिल्या खेपेला ९ होलच, पूर्ण १८ चालत म्हणजे चार तास सहज.

कुडाळचो_झील
धावूचा नाय, घाम येवचो नाय, मगे ह्यो खेळ कसलो?

सकाळचा_टी
@कुडाळचो_झील ऑक्टोबरच्या उकाड्यात सात-आठ किलोमीटर चाल ये माझ्याबरोबर, मग घामाचं बोलू.

सड्यावरचा_गडी
मी रत्नागिरीचा, आमच्याकडे सडा (उघड्या कातळाचा माळ) आहे पण कातळावर बॉल पडला की टणकन उडून शेजाऱ्याच्या काजूत, म्हणून मीही खारघरलाच जातो. पाऊस संपता संपता जा. तिन्ही बाजूंनी डोंगर हिरवेगार, वर ढग अडकलेले, कड्यावरून पांढऱ्या रेघा उतरतात, पांडवकडा धबधबा तिथून जवळच आहे. मी एकदा पटिंग करताना मान वर केली ती तशीच राहिली, कॅडी म्हणाला साहेब बॉल खाली आहे.

पण त्या दिवसांत बॉल रोल होत नाही, जिथे पडेल तिथे रुतून बसतो. माझा एकदा चिखलात असा गेला की वर फक्त रुपयाएवढं पांढरं दिसत होतं. घाबरू नकोस, बंकर (वाळूचा खड्डा) आणि कोर्सवरचं तळं-ओढा सोडून असा रुतला तर उचलून पुसून मागे ड्रॉप करता येतो, म्हणजे हातातून सोडून तिथून खेळायचं, दंड नाही. पावसाच्या साचलेल्या पाण्यातही तसंच. मात्र शोधायला ३ मिनिटंच, २०१९ च्या आधी ५ होती.

आणि फेअरवेवर (मधली कापलेल्या गवताची पट्टी) टिटवी ओरडत डोक्यावर घिरट्या घालायला लागली की समज आसपास तिची पिल्लं आहेत, लांबून जा. वीज चमकली तर मात्र नियम-बियम बाजूला ठेवून आत पळ, हातात लोखंडाची काठी घेऊन मोकळ्या मैदानात उभं राहू नये.

पेणकर_बाप्पा
धन्यवाद मंडळी, पुढच्या मंगळवारी ठरवतो. एक राहिलं, ते होल लांबून फारच लहान दिसतं हो, नक्की केवढं असतं?

सड्यावरचा_गडी
सव्वाचार इंच, म्हणजे १०८ मिलिमीटर, सगळीकडे तेवढंच. गोट्यांच्या गलीपेक्षा मोठं आहे, लहानपणी गलीत मारत होतास ना?

पेणकर_बाप्पा
मारत होतो, पण तेव्हा कोणी कॉलर घालायला सांगत नव्हतं. बॉल किती नेऊ?

सकाळचा_टी
डझनभर. भातातले काढ आधी, धुऊन चालतात.