व्यत्यास, उलट की विपर्यास?

अनुवादक
शाळकरी मुलांसाठी तर्काचे धडे मराठीत आणताना मी एक प्रश्न घातला: ‘संख्येला ६ ने भाग जात असेल तर २ ने भाग जातो, याचे उलट विधान लिहा.’ काही मुलांनी ‘२ ने भाग जात असेल तर ६ ने जातो’ असे लिहिले, तर काहींनी ‘६ ने भाग जात नसेल तर २ ने जात नाही’ असे. मला मुलांची चूक वाटत नाही, कारण आपले ‘उलट’ क्रम फिरवण्यालाही लागते आणि नकारालाही. संपादक ‘विपर्यास’ सुचवतात. आपले मत काय?

भूमितीचा शिक्षक
विपर्यास बोलण्याचा होतो, प्रमेयाचा नाही. दहावीच्या भूमितीत पायथागोरसच्या प्रमेयाचा ‘व्यत्यास’ आहे, म्हणजे ‘जर’ आणि ‘तर’चे भाग अदलाबदल केलेले विधान; तोच शब्द ठेवावा. युक्लिडने पहिल्या ग्रंथात प्रमेय ४७ वे आणि व्यत्यास ४८ वे विधान म्हणून वेगळा सिद्ध केला, कारण एक खरे म्हणून दुसरे आपोआप खरे ठरत नाही. गवंडी ३, ४ आणि ५ फुटांची मापे जुळवून कोपरा काटकोनात आणतो तेव्हा तो, नाव ठाऊक नसले तरी, व्यत्यासच वापरत असतो.

संस्कृतची विद्यार्थिनी
सरांशी सहमत आहे. गुरूंच्या पाया ‘व्यत्यस्त’ हातांनी पडावे असे आजोबांनी मला शिकवले होते, म्हणजे समोर उभे राहून हातांची फुली करायची आणि उजव्या हाताने त्यांचा उजवा पाय, डाव्याने डावा धरायचा. हात तेच राहतात, फक्त जागा बदलतात. नकाराचा त्यात संबंधच नाही, म्हणून हा शब्द मला नेमका वाटतो.

एक पालक
ताई, व्युत्पत्ती सुंदर आहे, पण माझ्या मुलीला ‘व्यत्यास’ ऐकून ‘व्यत्यय’ आठवतो. ‘अदलाबदलीचे विधान’ म्हटले तर काय बिघडेल? शब्द मुलांसाठी आहे, कोशासाठी नाही.

भूमितीचा शिक्षक
‘लसावि’ही मुलांना जन्मतः कळत नाही, तरी तो रुळलाच ना?

न्यायदर्शनाचा वाचक
नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या तर्कपंडितांनी, विधान आणि त्याचा व्यत्यास यांतला भेद फार पूर्वी पाहिला. धूर असेल तेथे अग्नी असतो, पण तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी आहे आणि धूर नाही. ‘जेथे हे, तेथे ते’ असा नियम म्हणजे व्याप्ती; दोन्हीकडून खरी ठरते ती ‘समव्याप्ती’. मला विचाराल तर घोटाळा ‘उलट’ शब्दात नसून ‘तर’मध्ये आहे. ‘अभ्यास झाला तर खेळायला जा’ असे आई म्हणते तेव्हा मूल ‘झाला तरच’ ऐकते, आणि आईलाही तेच म्हणायचे असते.

संस्कृतची विद्यार्थिनी
मग गणिताच्या पुस्तकात ‘तर’ आणि ‘तरच’ यांवर आधी एक धडा हवा.

एक पालक
आमच्याकडे तर ‘तरच’ कोणी म्हणतच नाही, ‘तेव्हाच’ म्हणतात.

अनुवादक
‘व्यत्यास’ ठेवते. पण त्या नकारवाल्या मुलांच्या विधानाला काय नाव द्यावे? ४ घेतले की तेही व्यत्यासाबरोबरच खोटे ठरते.

न्यायदर्शनाचा वाचक
पालक म्हणतात ते ‘तेव्हाच’ मुळात काळ दाखवते, अट नव्हे.