ट्रेलरवर ठेवलेली बोट चक्रीवादळात कशी सांभाळावी?

प्रश्न : खाडीकाठचा, शिवोली

माझ्याकडे १८ फुटी, वरून उघडी असलेली फायबरची बोट आहे आणि तिला ६० अश्वशक्तीचे आऊटबोर्ड इंजिन आहे. मासेमारी हा माझा व्यवसाय नाही. सुट्टीच्या दिवशी शापोरा नदीत आणि हवामान चांगले असेल तर नदीमुखापर्यंत फेरफटका मारणे, एवढाच तिचा उपयोग. एरवी ती एका आसाच्या ट्रेलरवर घराशेजारच्या भाटात, माडांच्या सावलीत उभी असते. पावसाळ्यापूर्वी तिच्यावर ताडपत्री घालून ती बंद करण्याची आमची पद्धत आहे, परंतु चक्रीवादळे पावसाळ्यात नव्हे तर त्याच्या आगेमागे येतात, म्हणजे नेमकी बोट वापरात असते तेव्हा. मे २०२१ मधील तौक्ते वादळात आमच्या परिसरात जी झाडे पडली ती पाहिल्यापासून हा विषय मनात आहे.

सासऱ्यांचे मत असे की बोट ट्रेलरसकट दोन माडांना दोराने घट्ट बांधावी. एका मित्राने अमेरिकेतील हरिकेनच्या प्रदेशातील लोकांचे पाहून सुचवले की बोटीत पाणी भरून ठेवावे, म्हणजे वजनामुळे ती उडत नाही. तिसरा सल्ला असा की बोट सरळ नदीत नांगरून ठेवावी, कारण बोटीची जागा पाण्यातच. जमीन जांभ्याची आहे आणि अंगणातून नदी हाकेच्या अंतरावर आहे. वादळाची सूचना आल्यावर हातात दोन दिवस आहेत असे धरले, तर नेमके काय करावे आणि काय आधीच करून ठेवावे, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर : डोलकाठी, कुठ्ठाळी

बोटींच्या दुरुस्तीचे काम करत असल्यामुळे वादळानंतरच्या बोटी मी पाहिल्या आहेत, त्या आधारे लिहितो. ट्रेलरवरच्या बोटीला पाण्यातल्या बोटीपेक्षा एकच मोठा फायदा असतो, तो म्हणजे तिला चाके आहेत. तो फायदा वापरायचा सोडून तिला धोक्याच्या जागी घट्ट बांधत बसण्यात अर्थ नाही. त्यामुळे पहिला प्रश्न दोराचा नसून जागेचा आहे. फोंडा, डिचोली किंवा साखळीकडे कोणा नातेवाइकाचे मोकळे आवार असेल, जिथे जवळ उंच झाडे नाहीत आणि पाणी साचत नाही, तर बोट ओढून तिकडे नेणे हा सर्वांत उत्तम उपाय होय. हे काम सूचना आली त्याच दिवशी करावे. वारा वाढल्यावर ट्रेलर घेऊन रस्त्यावर निघणे धोक्याचे असते, आणि एखादे झाड आडवे पडले की रस्ताच बंद होतो.

माडाखाली बोट ठेवणे आणि माडाला बोट बांधणे, दोन्ही टाळावे. तौक्ते गोव्याच्या किनाऱ्यावर आदळले नव्हते. ते १५ आणि १६ मे २०२१ रोजी समुद्रातून उत्तरेकडे सरकत गेले आणि १७ मे रोजी रात्री गुजरातच्या किनाऱ्याला धडकले. तरीही गोव्यात शेकडो झाडे उन्मळली आणि अनेक ठिकाणी वीज दीर्घकाळ गेली. माड सहसा मोडत नाही असे म्हणतात, ते बऱ्याच अंशी खरेही आहे, पण तो वाऱ्यात जितका वाकतो तितका त्याला बांधलेला दोर आळीपाळीने सैल पडतो आणि झटका देतो. त्या झटक्यांनी बोटीच्या कडेचे, दोर अडकवायचे क्लीट उपटून येतात. शिवाय वरून नारळ आणि चुडते पडतात ती वेगळीच.

बोट हलवणे शक्यच नसेल तर भक्कम भिंतीच्या आडोशाला ठेवावी. तोंड कोणत्या दिशेला असावे यालाही महत्त्व आहे. उत्तर गोलार्धात वादळाचा वारा घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतो. त्यामुळे आपल्या पश्चिमेला समुद्रातून उत्तरेकडे जाणारे वादळ दूर नैऋत्येला असताना वारा आग्नेयेकडून येतो, ते समोर आल्यावर दक्षिणेकडून आणि पुढे सरकल्यावर नैऋत्येकडून येतो. गोवा अशा वादळाच्या उजव्या बाजूला पडतो आणि वाऱ्याचा जोर त्याच बाजूला अधिक असतो. म्हणून बोटीचे नाळेकडचे तोंड दक्षिणेला ठेवावे, पण आडोसा चांगला मिळत असेल तर दिशेचा आग्रह धरू नये.

बोटीवरून जे निघते ते सर्व काढावे : छत्रीचे कापड आणि तिचा सांगाडा, गाद्या, अँटेना, फिश फाइंडर, बॅटरी, सुटी इंधनटाकी. कापडी छत वाऱ्यात शिडाचे काम करते. ताडपत्रीचेही तेच, ती घालू नये, तिच्या फाटलेल्या टोकांनी फायबरवर चरे पडतात ते निराळे. बुडातील निचऱ्याचे बूच काढून ठेवावे आणि ट्रेलरचे तोंड उचलून बोट मागे थोडी उतरती करावी, म्हणजे पाणी साचणार नाही. इंजिन जमिनीला टेकत नसेल तर उभे ठेवावे, त्यामुळे आतील पाणी निघून जाते. टेकत असेल तर वर उचलून आधाराच्या दांड्यावर ठेवावे; केवळ हायड्रॉलिकवर लोंबकळत ठेवू नये.

उत्तर : चिरेबंदी, म्हापसा

डोलकाठी यांनी जागेबद्दल लिहिलेले योग्यच आहे. बांधणीबद्दल मी स्थापत्य अभियंता म्हणून थोडी भर घालतो, कारण वाऱ्याचा जोर किती असतो याचा अंदाज बहुतेकांना नसतो आणि मग ट्रेलरच्या विंचचा, म्हणजे बोट वर ओढण्याच्या रहाटाचा, पट्टा पुरेसा वाटू लागतो.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ताशी १०० किमी वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ४८ किलो असतो आणि ताशी १४० किमीला तो ९५ किलोच्या आसपास जातो. आपली बोट ट्रेलरसह आडव्या बाजूने सात चौरस मीटर धरली, तर पहिल्या वेगाला सव्वातीनशे ते साडेतीनशे किलोचा आणि दुसऱ्याला साडेसहाशे किलोहून अधिक रेटा तिच्यावर येतो, तोही सतत नव्हे तर झोतांनी. हवामान खाते ताशी ६२ ते ८८ किमी वाऱ्याला चक्रीवादळ म्हणते, ८९ ते ११७ किमीला तीव्र चक्रीवादळ आणि त्यापुढे अतितीव्र. हे आकडे तीन मिनिटांच्या सरासरीचे असतात. अमेरिकेत हरिकेनची प्रतवारी एका मिनिटाच्या सरासरीवर करतात, त्यामुळे तिथला आकडा आणि इथला आकडा शेजारी ठेवून तुलना करू नये. झोताचा वेग सरासरीपेक्षा जास्त असतो, हे दोन्हीकडे लागू.

एवढ्या रेट्यासमोर बोट ट्रेलरला आणि ट्रेलर जमिनीला, असे दोन्ही जोड पक्के लागतात. ट्रेलर जमिनीला बांधलाच नाही तर दोन्ही मिळून उलटतात. बोट ट्रेलरला बांधताना नाळेपाशी साखळी आणि मागे ट्रान्समच्या, म्हणजे इंजिन बसवलेल्या मागच्या फळीच्या, दोन्ही कड्यांतून रॅचेट पट्टे घ्यावेत. त्याखेरीज बोटीवरून आडवे दोन पट्टे टाकून त्यांची टोके थेट जमिनीतील कड्यांना बांधावीत. पट्टे पॉलिस्टरचे असावेत. नायलॉन भिजल्यावर ताणतो आणि सैल पडतो. जिथे पट्टा कडेवर घासतो तिथे जुन्या रबरी नळीचा तुकडा उभा चिरून खाली घालावा.

जमिनीतील कडी हा खरा प्रश्न आहे. रेताड किनाऱ्यावर पेचाचे लोखंडी खुंट फिरवून आत घालता येतात, परंतु जांभ्यात ते शिरत नाहीत आणि वरच्या मातीत अर्धवट घातलेला खुंट पाऊस लागताच सुटतो. आपल्या जागेसाठी ६० सेंमी लांब, रुंद आणि खोल असे चार खड्डे खणून त्यांत काँक्रीट भरावे आणि १६ मिमीच्या सळईचे कडे त्यात बसवावे. प्रत्येक ठोकळा पाचशे किलोंच्या वर जातो. काँक्रीट पूर्ण ताकदीला यायला २८ दिवस धरतात, त्यामुळे हे काम दोन दिवसांच्या सूचनेवर होण्यासारखे नाही. ते आताच उरकावे.

बोटीत पाणी भरण्याच्या सल्ल्याला माझा विरोध आहे. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन. ट्रेलरच्या दोन आडव्या लाकडांवर टेकलेली बोट ते वजन पेलण्यासाठी बांधलेली नसते, आणि एका आसाच्या ट्रेलरच्या स्प्रिंगच्या पाट्याही नाहीत. अमेरिकेत हे करणारे चौकट आणि आस यांच्यामध्ये लाकडी ठोकळे घालतात, आणि तेही आत विजेची जोडणी नसलेल्या, साध्या उघड्या बोटीतच करतात. वजनच हवे असेल तर निळी २०० लिटरची पिंपे पाण्याने भरून, झाकणे घट्ट लावून ट्रेलरच्या चौकटीला बांधावीत.

उत्तर : साळकाठ, बेतुल

चिरेबंदी यांच्या पिंपांना एक अट घालतो. पाणी वर चढून आले तर पाण्याने भरलेल्या पिंपाचे वजन पाण्यात शून्य होते, म्हणजे ज्या वेळी ते हवे त्याच वेळी ते कामाचे नाही. बोट हलकी होऊन तरंगू लागते आणि ट्रेलरला बांधलेली असली तर त्यालाही उचलू पाहते. बूच काढलेले असेल तर ती आत पाणी घेऊन बसते. त्यातल्या त्यात ते बरे. म्हणून नदीकाठच्या माणसाने वाऱ्याइतकाच पाण्याचा हिशेब करावा.

आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी आहे. पाणी चढण्यासाठी वादळ जवळून जावेच लागते असे नाही. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी आपल्यापासून दूर समुद्रात होते, पण त्याच्या लाटा पौर्णिमेच्या भरतीवर आल्या आणि किनाऱ्यावरील शॅकमध्ये पाणी शिरले. तेव्हा वाऱ्याचे नावही नव्हते. त्यामुळे सूचना आली की भरतीचे वेळापत्रक प्रथम उघडावे. अमावास्या किंवा पौर्णिमा जवळ असेल तर खाजनालगतच्या (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीलगतच्या) सखल जागी बोट ठेवूच नये, मग तिथे कितीही आडोसा असो.

नदीत नांगरून ठेवण्याबद्दल सांगायचे तर मोठ्या ट्रॉलरना दुसरा पर्याय नसतो, म्हणून ते नदीत आत जाऊन आसरा घेतात आणि त्यांच्यावर माणसे असतात. रिकामी १८ फुटी बोट तिथे ठेवली तर तिची धास्ती वाऱ्यापेक्षा नांगर सुटलेल्या दुसऱ्या बोटींची अधिक. पावसाने ती भरून बुडते तेही आहेच : आठ चौरस मीटरच्या उघड्या बोटीत २०० मिमी पाऊस म्हणजे १६०० लिटर पाणी, आणि गोव्यात एका दिवसात एवढा पाऊस ही ऐकिवात नसलेली गोष्ट नाही.

दोन दिवसांचा हिशेब आपण जरा सैल धरला आहे. हवामान खात्याची सावधगिरीची पहिली सूचना ७२ तास आधी, इशारा ४८ तास आधी आणि धोक्याची सूचना २४ तास आधी निघते, पण मच्छीमारांना समुद्रातून परत येण्याचा सल्ला अनेकदा त्याही आधी दिला जातो. आम्ही त्यावर हलतो. आपणही त्यावरच हलावे. वादळाला नाव मिळण्याची वाट पाहू नये, आणि ते गोव्याला धडकणार नाही असे वाचून निवांतही होऊ नये. २००९ मधील फयान, २०१९ मधील क्यार, २०२० मधील निसर्ग, यांतले एकही गोव्यात जमिनीवर आले नव्हते.

आणि हो, सासऱ्यांना दुखवू नका. भाटात पाडेल्याला बोलावून घराजवळच्या माडांचे नारळ आणि वाळकी चुडते उतरवून घेण्याचे काम त्यांच्याकडे सोपवा. ते वादळापूर्वी करावेच लागते.

प्रश्नकर्ता : खाडीकाठचा, शिवोली

सर्वांचे आभार. बहिणीचे घर डिचोलीला उंचावर आहे आणि मागे मोकळी जागा आहे, तेव्हा पहिला पर्याय तोच राहील. कड्यांचे काँक्रीट मात्र तिथे घालावे की इथे, हा प्रश्न आहे. साळकाठ काका, माडांचे आपण सांगितलेले सासऱ्यांनी आनंदाने मान्य केले. ट्रेलरच्या टायरांतली हवा काढावी काय, आणि वादळ सरल्यावर बोट लगेच परत आणता येईल काय, एवढे दोन मुद्दे उरले.

उत्तर : डोलकाठी, कुठ्ठाळी

कडी दोन्हीकडे घालावीत. रस्ता बंद पडला तर इथली उपयोगी पडतील, आणि खर्च बोटीच्या किमतीच्या मानाने क्षुल्लक आहे.

हवा निम्म्याहून अधिक काढावी, पण आधी चौकटीखाली लाकडी ठोकळे द्यावेत आणि चाकांना पुढून व मागून अडण्या लावाव्यात. ठोकळ्यांऐवजी जांभ्याचे चिरे वापरू नयेत. एका कडेवर भार आला की जांभा फुटतो. हवा भरण्याचा पंप गाडीत ठेवावा, कारण वीज नसताना पेट्रोल पंपावरचा पंप चालेलच असे नाही.

परत आणण्याची घाई करू नये. वाटेत पडलेल्या तारा वीज खात्याचे कर्मचारी काढेपर्यंत ट्रेलर घेऊन निघू नये. बोट नदीकाठीच राहिली असेल आणि ट्रेलरच्या चाकांपर्यंत खारे पाणी आले असेल, तर हब उघडून बेअरिंग गोड्या पाण्याने धुवावेत, वाळवून नवे ग्रीस भरावे आणि मगच ट्रेलर ओढावा. इंजिन पाण्याखाली गेले असल्यास किल्ली फिरवून पाहू नये. स्पार्क प्लग काढून, गोड्या पाण्याने धुऊन ते त्याच दिवशी मेकॅनिककडे पोचवावे. हवा लागल्यावर आतला गंज फार झपाट्याने चढतो.