मदत हवी आहे: रिपोर्टमधल्या 'इनकन्क्लुझिव्ह'ला आईला कळेल असा मराठी शब्द

नमस्कार मंडळी,
आईच्या गळ्याला थायरॉइडची छोटी गाठ आहे, गेल्या आठवड्यात सुई घालून पेशी काढतात ती एफएनएसी केली. रिपोर्टमध्ये 'बेथेस्डा कॅटेगरी ३' आणि शेवटी 'इनकन्क्लुझिव्ह, रिपीट अ‍ॅडव्हाइज्ड' असं आहे. आई म्हणाली वाच काय लिहिलंय, मी घाईघाईत 'संशयास्पद' म्हणून मोकळी झाले आणि तिने त्याचा अर्थ कॅन्सरचा संशय असा घेतला, दोन दिवस धड जेवली नाहीये, मावशीला फोन करून रडली. डॉक्टरांची वेळ सोमवारची आहे, तोवर तिला नीट समजवायचंय.

पेपरात सामना 'अनिर्णित' म्हणतात ते चालेल का? पण कसोटी अनिर्णित राहिली की विषय संपला, सगळे घरी गेले. इथे तर पुन्हा सुई घालायची आहे. 'अनिर्णायक' बरोबर वाटतं पण आई सातवी शिकलेली, तिला ते सरकारी पत्रासारखं वाटेल. आणि असा रिपोर्ट आला म्हणजे लॅबचं चुकलं का?

प्रतिसाद १
ताई, संशयास्पद तेवढं आधी परत घ्या. बेथेस्डा म्हणजे थायरॉइडच्या अशा सुईच्या रिपोर्टची वर्गवारी, त्यात ६ गट असतात, २००७ साली अमेरिकेत बेथेस्डा गावी परिषद झाली त्यावरून ते नाव पडलं. २ म्हणजे साधी गाठ, ६ म्हणजे कॅन्सर, आणि कॅन्सरचा दाट संशय असेल तर त्याला ५ नंबरचा वेगळा गट आहे. म्हणजे तुम्ही ३ नंबरला ५ चा शब्द लावलात. ३ मध्ये पेशी थोड्या वेगळ्या दिसतात पण तेवढ्यावरून हे की ते असं म्हणता येत नाही. लॅबचं चुकलं असं नाही, जे दिसलं त्यावरून ठाम बोलायचं नाही म्हणूनच तसं लिहितात. नमुन्यात पुरेशा पेशीच आल्या नाहीत तर तो १ नंबर, तोही वेगळा. पुढे काय करायचं, परत एफएनएसी की नुसती सोनोग्राफीवर नजर ठेवायची, ते सोनोग्राफीत गाठ कशी दिसतेय ते बघून डॉक्टर ठरवतील.

प्रतिसाद २
शब्दाबद्दल सांगतो, एकच मराठी शब्द सगळीकडे बसवायला जाऊ नका. पुरावा इनकन्क्लुझिव्ह असेल तर 'त्यावरून काही सिद्ध होत नाही', बैठक असेल तर 'निर्णयाविना संपली' (फिसकटली म्हणू नका, त्यात भांडण आलं). तपासणीला माझी आजी म्हणायची तसं सरळ 'अजून उलगडा झाला नाही'. आजारी माणसाशी बोलताना नामापेक्षा असं वाक्य बरं, त्यातला 'अजून' तिला ऐकू जाऊ दे.

धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार. आत्ता आईजवळ बसून सांगितलं, आई माझं चुकलं, संशय असं लिहिलेलंच नाही, एवढ्या पेशींवरून त्यांना उलगडा झाला नाही म्हणून परत बघणार आहेत. तिने दोनदा विचारलं, 'म्हणजे आहे असं नाही ना लिहिलं?' मी म्हटलं नाही, आणि नाही असंही नाही लिहिलं. गप्प बसली थोडा वेळ. मग म्हणाली थोडा भात लाव, आणि सोमवारी परत सुई घालणार असतील तर किती दिवसांत कळेल ते आधी विचार. डॉक्टरांना विचारायच्या कागदावर तोच प्रश्न पहिला लिहून ठेवलाय, अजून काय विचारावं ते कृपया सांगा.