अल्टरनेटरच्या मागची तीन पाइपांची डबी कसली? वाटेत येतेय, काढू का?

सांगोलेकर_डाळिंब

राम राम मंडळी. घरची जुनी डीआय जीप आहे, बिनएसीची. बागेतून डाळिंबाची क्रेट रोडपर्यंत आणायची आणि रविवारी बाजार, एवढंच तिचं काम. हल्ली रेडिएटरचं पाणी कमी व्हायला लागलंय. होज पाइप कोरडे, वॉटर पंपाखाली थेंब नाही. काल आरसा धरून, बॅटरी मारून खाली बघितलं. ब्लॉकच्या बाजूला पत्र्याची गोल टोपी बसवलीय, तिच्या कडेनं तांबडं पाणी ओघळतंय. मिस्त्री म्हणाला, हा कोअर प्लग, म्हणजे ब्लॉकमधल्या पाण्याच्या पोकळीचं झाकण, बदलल्याशिवाय इलाज नाही.

अडचण अशी की हात तिथवर पोचत नाही, मध्ये अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा) येतो. ट्रॅक्टरचा अल्टरनेटर मी उतरवलाय, त्याचं काही वाटत नाही. पण ह्याच्या बुडाला आणखी एक ओतीव डबी बसलीय. तिला तीन पाइप. एक बारीक लोखंडी, एक जाड रबरी खाली जाणारा, तिसरा वर चढून केबिनच्या पत्र्याकडे वळतो. मिस्त्री म्हणतो डिझेलचं काहीतरी असेल, हात लावू नको, गाडी एअर धरेल, म्हणजे डिझेलच्या लाइनीत हवा शिरेल. मला ते पटेना, कारण डिझेल पंप इंजिनच्या दुसऱ्या अंगाला आहे. कुणी ओळखेल का? आणि तिच्यासकट अल्टरनेटर काढला तर चालेल का?

घाटरस्ता

पॉवर स्टिअरिंगचा पंप असणार. माझ्या गाडीला तसाच आहे.

सांगोलेकर_डाळिंब

दादा, पॉवर स्टिअरिंग असतं तर वळवताना माझे दंड भरले नसते. साधं स्टिअरिंग आहे.

डेपोतले_आबा

पॉवर स्टिअरिंगच्या पंपाला स्वतःची पुली असते आणि तेलाची वेगळी डबी असते. ही डबी अल्टरनेटरच्याच शाफ्टवर फिरते. हा व्हॅक्यूम पंप. जुन्या बोलेरो, सुमोतही असाच अल्टरनेटरच्या पाठीवर यायचा.

आता तो तिथे का, ते समजून घे, म्हणजे पाइप आपोआप ओळखू येतील. पेट्रोल गाडीत थ्रॉटल (हवेची झडप) मिटलं की मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांत, ओढ तयार होते, त्या ओढीवर ब्रेकचा बूस्टर (पेडलला जोर देणारा डबा) चालतो. साध्या डिझेल इंजिनाला थ्रॉटल नाही, हवा मोकळी आत जाते, म्हणून ओढ मुद्दाम निर्माण करावी लागते. तेवढ्यासाठी हा पंप. वर जाणारा पाइप ब्रेक बूस्टरचा. बारीक लोखंडी पाइप इंजिन ऑइल आणतो, पंपाची पाती त्या तेलावर फिरतात. जाड रबरी पाइपातून तेच तेल हवेबरोबर परत सम्पकडे (इंजिनखालच्या तेलाच्या परातीकडे) जातं. डिझेलचा थेंबही इथे येत नाही, त्यामुळे एअर धरायचा प्रश्नच नाही. (आमच्या एसटीत ही डबी नसायची. तिथे हवेचे ब्रेक, त्यामुळे कंप्रेसर. डेपोतून निवृत्त झाल्यावर पहिल्यांदा लोकांच्या जीपगाड्या उघडल्या तेव्हा मीही हिच्याकडे बघत बसलो होतो.)

काढताना पंप अल्टरनेटरपासून सोडवू नको. मागचे छोटे बोल्ट दिसले की हात शिवशिवतात, पण आत पाती सुटी असतात. त्यांची गोलसर कड बाहेरच्या अंगालाच बसावी लागते, शिवाय मधला ओ-रिंग एकदा दबलेला असतो. अख्खी जोडी एकत्र उतरव.

इंजिन पूर्ण थंड होऊ दे. बारीक पाइपाच्या टोकाला पोकळ बोल्ट आहे, तो खोलताना दोन्ही बाजूंचे तांब्याचे वायसर पडतात, ते जपून ठेव, पण लावताना नवेच लाव. उघडी तोंडं स्वच्छ फडक्यानं बंद कर. मग वरची ताणपट्टी ढिली करून पट्टा काढ, शेवटी खालचा लांब बोल्ट. जोडी जड असते, एका हातानं धरून बोल्ट ओढू नको.

टोपी मधोमध ठोकून आत ढकलायची नाही, पाण्याच्या पोकळीत पडली तर काढताना नाकी नऊ येतील. एका कडेला बोथट छिन्नीनं ठोका दिला की ती आडवी फिरते, मग पक्कडीनं ओढ. बैठक पॉलिश पेपरनं चकचकीत कर, कडेला सीलंटचा पातळ हात दे, आणि टोपीच्या आत बसेल असा सॉकेट लावून सरळ ठोक.

कॉइलवाला

आबांनी सगळं सांगितलं, फक्त वायरीचं राहिलं. पाना हातात घ्यायच्या आधी बॅटरीची मायनस काढा. अल्टरनेटरची जाड वायर चावी बंद असतानाही जिवंत असते. पाना तिला आणि बॉडीला एकदम लागला तर मोठी ठिणगी उडते.

आणि उतरवलाच आहे तर मागच्या जाळीतून आत बघा. इंजिन ऑइलचा चिकटा दिसला तर पंपाचं सील गेलंय. ते तेल ब्रशवर येतं आणि चार्जिंग मरतं. माझ्याकडे असे अल्टरनेटर नेहमी येतात, गिऱ्हाईक म्हणतं वाइंडिंग जळलं. जाड रबरी पाइपही दाबून बघा. फुगून आतून बुजला असेल तर तेलाला परतीची वाट राहत नाही आणि नवं सीलही टिकत नाही.

सांगोलेकर_डाळिंब

आबा, कॉइलवाले भाऊ, लई उपकार. आज सकाळी उतरवलं. अल्टरनेटर आतून कोरडा आहे. रबरी पाइप मात्र दोरीसारखा मऊ पडलेला, तो नवा आणतो. टोपी ओढली तर कड नखानं तुटत होती. दुकानात लोखंडी आणि पितळी दोन्ही मिळतात, कुठली घेऊ? आणि जोडल्यावर ब्रेकची खात्री कशी करू?

डेपोतले_आबा

पितळी घे, ती गंजत नाही. बाहेरचा व्यास व्हर्नियरनं मोज, अंदाजानं आणू नको.

जोडायच्या आधी पंपाच्या बारीक तोंडात थोडं इंजिन ऑइल सोड आणि पुली हातानं फिरव, म्हणजे पहिल्या स्टार्टला पाती कोरडी घासणार नाहीत. पट्टा दोन पुल्यांच्या मध्ये अंगठ्यानं दाबून साधारण १० ते १२ मिलिमीटर दबला पाहिजे.

ब्रेकसाठी: इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाब, ते दगड होईल. तसंच पायाखाली दाबून धरून स्टार्ट मार. पेडल थोडं खाली गेलं तर ओढ तयार झाली. हाललंच नाही तर बूस्टरचा पाइप तपास, त्यातला एकमार्गी व्हॉल्व्ह उलटा बसला असेल. तोवर गाडी रस्त्यावर काढू नको.

आता विचारतो, रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी घालत होतास ना? टोपी आतून कुजते ती त्यानंच. क्षार आणि गंज दोन्ही साचतं. आता कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं घाल. त्याआधी ब्लॉकचा खालचा कॉक उघडून जुनं सगळं काढ. कॉक उघडूनही धार आली नाही तर तारेनं टोच, तिथे गाळ बसलेला असतो.