मदत हवी आहे: तीन फूट जोत्याच्या घराला रॅम्प की बुटक्या पायऱ्या?

घर सांगलीत, गावभागात. पुराच्या धास्तीनं जोतं तीन फूट उचललेलं. सासूबाई ७८ वर्षांच्या, वॉकरवर चालतात. व्हीलचेअर अजून नाही. १:१२ उताराचा रॅम्प म्हणजे ३६ फूट लांबी, आणि दारापुढे जागा जेमतेम बारा फूट. गवंडी म्हणतो, "उभाच करू की, गाडी पण चढंल." तसला नकोच. फळी टाकून पाहिली, पावसात निसरडी होते.

कमोड, खडबडीत फरशी झालंय. पण न्हाणीची भिंत मातीत बांधलेली, आधाराच्या दांड्याचे स्क्रू धरत नाहीत. घर स्वतःचं, तोडफोड चालेल.

पाच-पाच इंचाच्या, वॉकर टेकेल इतक्या रुंद पायऱ्या आणि दोन्हीकडे कठडा, एवढ्यावर भागेल का? आणि दांड्यासाठी भिंत सोडून जमिनीतूनच पाइप उभा केलाय का कुणी? कितपत पक्का राहतो?