अनुभव धागा: मोहावेच्या वाऱ्यात मित्रांसोबत लांब पल्ल्याचा ट्रेक

पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिमेची मेक्सिको ते कॅनडा पायवाट. तिचा दक्षिण कॅलिफोर्नियातला भाग, म्हणजे मेक्सिकोच्या सीमेवरच्या कॅम्पोपासून केनेडी मेडोजपर्यंतचे ७०२ मैल, सुमारे ११३० किमी. लोक त्याला वाळवंट म्हणतात आणि पाण्याची तयारी करून येतात. ती हवीच, पण मित्रांचा गट इथे विस्कटतो तो वाऱ्याने. सान गोर्गोनिओ खिंडीत आणि टेहाचापीच्या डोंगरांत पवनचक्क्यांची रानंच्या रानं उभी आहेत, ती उगाच नाहीत. ज्यांनी हा पट्टा चालला आहे त्यांनी नेमकं लिहा: काय न्यायचं, किती, काय बिघडतं, का बिघडतं. प्रवासवर्णन नको.

*

वारा का सुटतो हे कळलं की वेळापत्रक बसवणं सोपं जातं. दिवसा मोहावे आणि आसपासच्या वाळवंटांची जमीन तापते, तिथली हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्राकडची थंड, जड हवा डोंगरांतल्या फटींमधून आत घुसते. सान गोर्गोनिओ खिंडीच्या एका अंगाला ३५०६ मीटरचं सान गोर्गोनिओ शिखर, दुसऱ्या अंगाला ३३०२ मीटरचं सान हासिंतो. मधे नरसाळं. दुपारनंतर जोर चढतो आणि अंधार पडला की वारा पडेल, असं धरून चालू नका. खिंड आणि उघडी धार पहाटे ओलांडायची.

अंदाज बघताना गावाचा बघू नका. राष्ट्रीय हवामान सेवेच्या नकाशावर धारेवरच्या नेमक्या ठिकाणी टिचकी मारा आणि सरासरी वेगाऐवजी झोताचा आकडा वाचा. माणसाला पाडतो तो झोत.

*

तंबूबद्दल सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं.

जागा आधी. खिंडीत किंवा धारेवर मुक्काम नाही. धारेच्या खाली, आडोशाच्या बाजूला, ज्युनिपरच्या दाट झुडपामागे. वाळलेल्या फांदीखाली नको आणि कोरड्या ओढ्याच्या पात्रात तर नकोच.

कापड पसरताच त्यावर भरलेली सॅक टाका, मग हात सोडा. तंबूची बुटकी, अरुंद बाजू वाऱ्याकडे. वाऱ्याकडचे दोन पेग (खुंट्या) पहिले, मागचे नंतर, तंबू उभा धरणारी काठी सगळ्यात शेवटी. काठी नेहमीपेक्षा ५ सेंमी आखूड ठेवली की कड जमिनीला टेकते आणि खालून वाळू आत येत नाही. पेग १५ सेंमीचे, वाय आकाराचे. तारेचे पातळ पेग जितके सहज आत जातात तितकेच सहज निघतात. पेगचं डोकं तंबूपासून लांब कललेलं हवं आणि वर नारळाएवढा दगड. हा दगड पेगच्या डोक्यावर ठेवा, दोरीवर नको. दोरी रात्रभर दगडाच्या कडेला घासते आणि पहाटे तुटते. निव्वळ वाळू असेल तर सामानाची रिकामी पिशवी वाळूने भरा, मध्यावर दोरी बांधा, दीड वीत खोल आडवी गाडा आणि वरून पायाने घट्ट दाबा.

तंबूची चेन हा दुसरा दुखरा भाग. बारीक वाळूने स्लायडर झिजतो आणि मग तो फिरतो, पण दात जुळत नाहीत. रोज सकाळी जुन्या टूथब्रशने चेन झाडा. तेल लावू नका, त्याला वाळू चिकटते. बिघडलीच तर छोट्या पक्कडीने स्लायडरच्या दोन्ही कडा किंचित, सारख्या आवळा. एवढ्यावर पुढचं गाव गाठता येतं.

वारा फारच असेल तर तंबू उभारूच नका. मॅट टाका, स्लीपिंग बॅगमध्ये शिरा, तंबूचं कापड गोधडीसारखं अंगावर घ्या, कडा अंगाखाली खोचा.

*

पहाटे चालण्याचा सल्ला खिंडींसाठी बरोबर आहे, पण हायकरटाउन या वाटेवरच्या मुक्कामाच्या पुढे आमचं मत वेगळं. तिथून कॉटनवुड क्रीकपर्यंतचे सुमारे २७ किमी सपाट आहेत, सावली जवळजवळ नाही, आणि वाट लॉस एंजेलिसच्या १९१३ सालच्या जलवाहिनीच्या कडेने, वरून जाते. पाणी पायाखालून वाहतं आणि हाताला लागत नाही. हा टप्पा संध्याकाळी पाचला सुरू करून रात्री संपवावा. वाट चुकायला वाव नाही, हेडलॅम्प पुरतो. रात्री वारा असला तरी ऊन नसतं, आणि इथे जास्त पाणी ऊनच पितं.

*

पाण्याचा हिशोब: थंडाव्यात ८ किमीला १ लिटर, उन्हात चढ असेल तर ५ किमीला १ लिटर. वाऱ्यात घाम लगेच सुकतो, त्यामुळे किती गेला ते कळत नाही. तहानेची वाट बघू नका. माणशी ६ लिटरची भांडी हवीत, म्हणजे भरल्यावर ६ किलो. सिझर्स क्रॉसिंग ते बॅरल स्प्रिंग्ज, सान फेलिपे टेकड्यांतले सुमारे ३८ किमी, नैसर्गिक पाणी नाही. मधे थर्ड गेटला स्वयंसेवक पाणी ठेवतात, पण रिकामी डबडी मिळाली तरी निभावेल इतकं सोबत असलंच पाहिजे. वॉकर पासच्या अलीकडे जोशुआ ट्री स्प्रिंगला युरेनियमची सूचना आहे. पोकळ धाग्यांचा फिल्टर गाळ आणि जंतू अडवतो, विरघळलेलं युरेनियम नाही.

थंड रात्री फिल्टर स्लीपिंग बॅगमध्ये घ्या. एकदा गोठला की आतले धागे फुटतात, बाहेरून काही दिसत नाही.

नुसतं पाणी ढोसू नका. ओआरएस संपलं तर १ लिटरला चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा चमचा मीठ.

*

गटासाठी. वाऱ्यात दहा पावलांवरची हाक ऐकू येत नाही. माणशी एक शिट्टी, तीन फुंका म्हणजे थांबा. प्रत्येक पाणवठ्यावर, रस्त्यावर आणि फाट्यावर पहिल्याने शेवटच्याची वाट बघायची.

सह्याद्रीत आपण तंबूचं कापड एकाकडे, काठ्या दुसऱ्याकडे, स्टोव्ह तिसऱ्याकडे देतो. इथे ती सवय मोडा. गट चालताना पुढेमागे झाला की कोणाकडेच पूर्ण तंबू उरत नाही. दोघादोघांच्या जोड्या करा, जोडीने चालायचं आणि जोडीचा तंबू अख्खा एकाकडे. पाणी, फिल्टर, नकाशा, हेडलॅम्प, विंडचीटर आणि गरम जाकीट मात्र प्रत्येकाचं स्वतःचं. उपग्रह संदेशयंत्र एकच असेल तर ते शेवटच्या जोडीकडे.

*

खाण्याचं थोडक्यात. वाऱ्यात स्टोव्हला दुप्पट गॅस लागतो आणि वणव्याच्या भीतीने आग लावण्यावर बंधनं येतात. स्टोव्हसाठी कॅलिफोर्नियाचा मोफत परवाना आधीच काढा. न शिजवता होणारं निम्मं तरी न्या: पातळ पोहे दहा मिनिटांत भिजतात, त्यात मेतकूट, दाण्याचं कूट आणि तेलाची छोटी बाटली. सातूचं पीठ गुळाबरोबर. हे सगळं लॉस एंजेलिसजवळ आर्टेशियाच्या भारतीय दुकानांत मिळतं.

*

पायांबद्दल कोणीच लिहिलं नाही. जाळीच्या बुटांतून वाळू आत जाते, मोजा काचपेपर होतो आणि टाचेला फोड येतो. घोट्यावर कापडी गेटर (बुटात वाळू जाऊ न देणारं आवरण) लावा, दर दोन तासांनी बूट काढून झटका, मोजे बदला, काढलेले सॅकवर पिनेने अडकवा, नुसते खोचू नका. जागा गरम वाटायला लागली की तेव्हाच टेप लावा, फोड दिसेपर्यंत थांबू नका. बूट अर्धा ते एक नंबर मोठे, कारण दुसऱ्या आठवड्यात पाय सुजलेले असतात.