क्रीट : ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरची सुरुवात, जावं का?

अनुजा_प

नमस्कार. ग्रीसमधल्या क्रीट बेटावर साधारण 24 ऑक्टोबर ते 4 नोव्हेंबर असं जायचं घाटतंय. सुट्टी तेव्हाच मिळते, म्हणून "त्यापेक्षा मे महिन्यात जा" हा सल्ला कृपया नको. मी, नवरा आणि सासूबाई. सासूबाई चालायला खमक्या आहेत, फक्त उतारावर गुडघा कुरकुरतो. यादी अशी: समारियाची घळ, बालोस आणि एलाफोनिसीचे किनारे, स्पिनालोंगाचं छोटं बेट, क्नोसोसच्या प्राचीन राजवाड्याचे अवशेष. हर्सोनिसोसला समुद्रासमोरचं हॉटेल फारच स्वस्तात दिसतंय. सगळे दिवस तिथेच राहून रोज एकेक ठिकाण उरकावं असा विचार आहे. गाडी नवरा चालवेल. तिघंही शाकाहारी, अंडं चालतं. पाऊस कितपत असतो? आणि सगळं बंद झालेलं असतं का?

खारेवारे

बिनधास्त जा. ऑक्टोबरात पाणी 22-23 अंश असतं, संध्याकाळी हवेपेक्षा पाणीच उबदार लागतं. उन्हाळ्यात उत्तरेकडून झोडपणारा मेल्तेमी वाराही तोवर पडलेला असतो. गर्दी नाही, वाळूवर हवी तिथे पथारी टाका. 31 तारखेपर्यंत सगळं चालू असतं, उगाच काळजी करू नका.

इराक्लिओची_सून

खारेवारे, पाण्याबद्दल शंभर टक्के मान्य. "सगळं चालू" याला मात्र माझी हरकत आहे. मी क्रीटच्या राजधानीत, इराक्लिओला राहते, सासर इथलंच, तेव्हा जरा लांबण लावते.

अनुजा, तुझ्या तारखांच्या बरोबर मध्यावर इथला हंगाम संपतो. 31 ऑक्टोबरच्या अलीकडे बोटी, किनारे आणि घळ. पलीकडे शहरं, ऑलिव्हची तोडणी आणि राकीच्या, म्हणजे इथल्या दारूच्या, भट्ट्या. मला विचारशील तर दुसरा भाग जास्त आवडतो, पण तुझी यादी जवळजवळ सगळी पहिल्या भागातली आहे. म्हणून आधी समुद्र उरकायचा आणि मग शहरात यायचं.

हर्सोनिसोस स्वस्त आहे कारण ते गाव तेव्हा गुंडाळलं जात असतं. युरोपातून थेट येणारी सुट्टीची विमानं थांबली की तिथली हॉटेलं, खाणावळी, भाड्याच्या छत्र्या, सगळ्यांवर पडदा पडतो. तुमचं हॉटेल 4 नोव्हेंबरपर्यंत खरंच उघडं आहे का, हे आधी लेखी विचारून घे. शिवाय अंतरं बघ. बेट पूर्व-पश्चिम सुमारे 260 किलोमीटर लांब आहे. हर्सोनिसोस इराक्लिओच्या पूर्वेला आणि एलाफोनिसी पार नैर्ऋत्य कोपऱ्यात. जाऊन-येऊन पावणेपाचशे किलोमीटर होतील, त्यातला शेवटचा टप्पा डोंगरातल्या वळणांचा. सासूबाई तुला आयुष्यभर ऐकवतील.

तर पहिला मुक्काम पश्चिमेकडच्या हानियाला कर. व्हेनिसच्या काळातलं बंदर, दिव्याचा मनोरा, आतल्या गल्ल्या. हे शहर बारमाही आहे, कुणी येवो न येवो, माणसं राहतात. तिथून एलाफोनिसी सुमारे 75 किलोमीटर. वाटेत एलोस नावाचं गाव लागतं, चेस्टनटच्या झाडांत बुडालेलं. ऑक्टोबरात तिथे ताजे चेस्टनट मिळतात, थांबाच. बालोसला किसामोस बंदराहून बोट जाते, तीही हंगामापुरतीच. खडबडीत कच्च्या रस्त्याने गाडी नेता येते, पण भाड्याच्या गाडीचा विमा अशा रस्त्यांवर बहुधा लागू होत नाही. करारात बघ.

आता समारिया. घळ साधारण मे ते ऑक्टोबर उघडी असते, पण पावसाचा अंदाज असला की बंद करतात. दरडी कोसळतात, पाण्याचा लोंढा येतो. निर्णय आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी होतो. म्हणून तिच्यासाठी एकच तारीख पक्की करू नकोस. हानियाला पोचल्यावर आकाश स्वच्छ दिसेल त्या पहिल्याच दिवशी निघा, एलाफोनिसी मागे ढकललं तरी चालेल. वाट ओमालोसच्या पठारावरून, साधारण 1,230 मीटरवरून सुटते आणि 16 किलोमीटर चालून आय्या रुमेलीला समुद्राशी संपते. संपूर्ण उतार! सुरुवातीचा तर पायऱ्या-पायऱ्यांचा आणि दगडांचा. कुरकुरणाऱ्या गुडघ्याला याहून वाईट वाट शोधून सापडणार नाही. खाली पोचल्यावर गाडीरस्ता नाही, बोटीनेच बाहेर पडायचं. दक्षिणेचा समुद्र खवळला की बोट सुटत नाही आणि मग रात्र आय्या रुमेलीत. औषधं पाठपिशवीत ठेवा, गाडीत नको.

सासूबाईंसाठी दुसरा रस्ता आहे: दक्षिण किनाऱ्यावरच्या सूया गावाहून बोटीने थेट आय्या रुमेली, आणि तिथून खालच्या बाजूने घळीत शिरायचं. तीनेक किलोमीटरवर दोन्ही कडे इतके जवळ येतात की मध्ये जेमतेम चार मीटर उरतात. समारियाचा जो फोटो सगळीकडे दिसतो तो तिथलाच. तुम्ही दोघं वरून उतरा, त्या खालून येतील. (माझ्या सासूबाईंना हे सुचवलं तर त्या म्हणतील, "आणि मी एकटी बोटीत काय करू?" तेव्हा आधी विचारून घे.) बोटींचं वेळापत्रक त्या आठवड्याचं बघायचं, जुनं नाही.

स्पिनालोंगा यादीतून काढ असं मी स्पष्ट सांगेन. जागा मोलाची आहे. व्हेनिशियन किल्ला, मग 1957 पर्यंत कुष्ठरुग्णांची वसाहत. पण ती पूर्वेला, तुम्ही पश्चिमेला, आणि तिथल्या बोटीही ऑक्टोबरबरोबरच आटोपतात.

घड्याळाचं कुणी सांगत नाही म्हणून सांगते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास मागे जातं आणि त्या दिवसापासून साडेपाचच्या सुमाराला सूर्य मावळतो. दुपारी निवांत जेवून बीचवर जाऊ म्हणाल तर अंधारात कपडे शोधाल.

28 ऑक्टोबर हा राष्ट्रीय सण. 1940 साली इटलीची निर्वाणीची मागणी ग्रीसने धुडकावली तो दिवस. सकाळी शाळकरी मुलांची संचलनं असतात, दुकानं बंद, सरकारी संग्रहालयं त्या दिवशी फुकट. गाडीने शहराच्या मध्यात जाऊ नका.

31 नंतर इराक्लिओला या. क्नोसोस शहरापासून पाचेक किलोमीटर, सिटी बस जाते. तिथली उघडण्या-मिटण्याची हिवाळी वेळ लागू झालेली असेल, तेव्हा सकाळीच जा. आर्थर एव्हान्स या इंग्रज पुरातत्त्वज्ञाने 1900 पासून तिथे खोदलं आणि काँक्रीट ओतून बरंच काही उभंही केलं. लाल खांब बघून भारावून जाण्याआधी एवढं लक्षात असू दे. मूळ भित्तिचित्रं आणि फैस्तोसची चिन्हं कोरलेली मातीची तबकडी शहरातल्या पुरातत्त्व संग्रहालयात आहेत. मी तर म्हणते, आधी संग्रहालय, मग क्नोसोस. नोव्हेंबरचा पहिला रविवार साधून आलात तर दोन्ही फुकट.

आणि राकी. द्राक्षांचा रस काढून उरलेला चोथा आंबवून याच दिवसांत गावोगावी भट्ट्या लागतात. तांब्याचं भांडं, खाली ऑलिव्हचं लाकूड, निखाऱ्यात बटाटे, ताटात डाळिंबाचे दाणे. कुणी बोलावलं तर जा. पीत नसाल तरी बटाट्यांसाठी जा. माझ्या सासूबाईंच्या गावी त्या रात्री राकीपेक्षा वादच जास्त चढतात, कुणाची यंदा कडक झाली यावरून.

पाऊस येतो तो सरींनी, दिवसदिवस रिपरिप सहसा नाही. पश्चिमेला जास्त, पूर्वेला कमी. उन्हाळाभर धूळ-तेल बसलेले रस्ते पहिल्या पावसात भयंकर निसरडे होतात. तुझ्या नवऱ्याला हे वाक्य दोनदा वाचून दाखव.

अनुजा_प

बापरे, एवढं सविस्तर! मनापासून आभार. हर्सोनिसोस रद्द. स्पिनालोंगावर नवरा अजून हुज्जत घालतोय, पण तो हरेल. सासूबाईंना घळीचं विचारलं. बोटीला तयार आहेत, पण "तिकडे मी एकटीने काय खायचं?" हा प्रश्न आलाच.

खारेवारे

31 च्या विधानात दुरुस्ती मान्य. माझ्याकडून एक भर: आंतरराष्ट्रीय वाहन परवाना इथूनच काढून न्या, गाडी घेताना मागतात.

इराक्लिओची_सून

आय्या रुमेलीत बोट लागते तिथेच खाणावळी आहेत, उपाशी राहणार नाहीत. दाकोस मागा: जवाचा कडक टोस्ट, वर किसलेला टोमॅटो, मिझिथ्रा चीज, ऑलिव्ह तेल. होर्ता म्हणजे उकडलेली रानभाजी, वर लिंबू. पिवळ्या डाळीचा फावा आणि टोमॅटोत शिजवलेले मोठे पांढरे घेवडे सगळीकडे मिळतात. द्राक्षाच्या पानांच्या गुंडाळ्यांत मात्र खिमा आहे का ते विचारायचं, कधी असतो, कधी नसतो. आणि कुणी "हे आमच्या उपासाचं आहे, बिनधास्त खा" म्हणालं तर थांबा. इथल्या उपासाला मांस, दूध, अंडी चालत नाहीत, पण ऑक्टोपस आणि कोळंबी चालते.

नवऱ्याला स्पिनालोंगा हवंच असेल तर त्याला उतरल्या दिवशीच पूर्वेला ने, एक रात्र बेटासमोरच्या प्लाका गावात काढा आणि दुसऱ्या दिवशी दुपारी हानियाकडे निघा. गाडीत साडेतीन-चार तास जातील, ते त्याच्या खात्यावर.